सुंदर सिनेमा : सुधारित लागवड तंत्र
(राहुरी तालुका व लाभक्षेत्रातील नवशिक्यांसाठी)

लागवडीची गरज

राहुरीला 1968 साली स्थापन झालेलं कृषी विद्यापीठ आहे. दोन सऱ्यांत अंतर किती ठेवायचं, कांद्याचं पाणी काढणीआधी कधी तोडायचं, ज्वारी फुले वसुधा पेरायची की फुले रेवती, या सगळ्याची छापील शिफारस इथे मिळते. एकाच पिकाची शिफारस आजवर कुणी काढली नाही : दिसायला सुंदर सिनेमा. वास्तविक या पिकाखालचं क्षेत्र झपाट्यानं वाढतंय. नगर-मनमाड रस्त्यावरच्या कोणत्याही चहाच्या टपरीवर बसा. कुणीतरी मोबाइल खाली ठेवतो आणि म्हणतो, "स्टोरी काय नाय राव, पण सिनेमॅटोग्राफी खतरनाक!" म्हणजे नेमकं काय, हे त्याला कुणी विचारत नाही. विचारलंच तर तो म्हणतो, "ड्रोन शॉट पाहिला का?"

सदर पुस्तिका या बंधूंसाठी आहे. भगिनींनाही ती लागू आहे, मात्र त्यांनी टपरीवर ड्रोनचं नाव घेतल्याचं अद्याप आढळलेलं नाही.

जमीन

मध्यम ते भारी पडदा निवडावा. सहा इंची मोबाइलवर, भर उन्हात, बांधावर बसून 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' (1962) लावू नये. त्यात वाळवंटाच्या टोकाला एक ठिपका दिसतो, मृगजळातून थरथरत पुढे येतो, आणि बऱ्याच वेळानं कळतं की तो उंटावर बसलेला माणूस आहे. कॅमेरामन फ्रेडी यंग यांनी त्या दृश्यासाठी मुद्दाम लांब पल्ल्याचं भिंग वापरलं होतं. मोबाइलवर तो ठिपका काचेवरची धूळ समजून तुम्ही शर्टानं पुसाल, आणि विसाव्या शतकातली एक नामांकित एंट्री वाया जाईल.

घरचा टीव्ही चालेल. खोलीत अंधार करावा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'मोशन' या नावानं काहीतरी सुरू असतं, ते आधी बंद करावं. सिनेमा सेकंदाला 24 चित्रं दाखवतो. हा टीव्ही मधली चित्रं स्वतःच्या मनानं भरतो आणि कितीही मोठ्या दिग्दर्शकाची संध्याकाळी सातची मालिका करून टाकतो.

जुन्या पिढीला जमीन चांगली मिळाली होती, हे मान्य करायला हवं. जत्रेतला तंबू, कापडी पडदा, खाली माती आणि मागे घरघरणारं यंत्र. या फिरत्या सिनेमाच्या शेवटच्या दिवसांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' (2016) हा माहितीपट केला आणि तो कान महोत्सवापर्यंत गेला. आपल्या जत्रेतलं यंत्र फ्रान्सला पोचलं. आपण तेव्हा पाळण्यात बसलो होतो.

हवामान

या पिकाचं सगळं गणित हवामानावर आहे. बाकीचे रकाने घाईत वाचले तरी चालतील, हा सावकाश वाचावा.

पुस्तकं सांगतात, सूर्य मावळतानाचा उजेड सर्वोत्तम. सूर्य खाली गेला की उजेडाला हवेच्या जास्त जाड थरातून यावं लागतं, निळा रंग वाटेतच विखरून जातो, तांबूस-पिवळा उरतो. शिवाय उजेड आडवा येतो, म्हणून ढेकळाढेकळाला सावली पडते आणि नांगरट उठून दिसते. हे राहुरीच्या शेतकऱ्याला सांगायची गरज नाही, तो रोज त्या वेळी वावरात असतो. फक्त मावळतीकडे त्याची पाठ असते, कारण दारं धरायची असतात.

नेस्टर अल्मेंद्रोस या कॅमेरामननं याच वेळेवर एक अख्खा सिनेमा काढला. टेरेन्स मॅलिकचा 'डेज ऑफ हेवन' (1978) गव्हाच्या शेतावरचा आहे. त्यातली बरीच दृश्यं सूर्य बुडाल्यानंतर आणि अंधार पडायच्या आत टिपलेली आहेत. रोज मिळायची ती 20-25 मिनिटं. दिवसभर माणसं तयारी करून बसायची आणि संध्याकाळी एकच पळापळ. मुरलेले लाइटवाले वैतागले, कारण लाइट लावूच दिले जात नव्हते. गंमत म्हणजे अल्मेंद्रोस यांची नजर तेव्हा अधू होत चालली होती. मदतनीस शॉटआधी झटपट फोटो काढायचा आणि ते जाड भिंगातून तो तपासायचे. छायालेखनाचं ऑस्कर त्यांनाच मिळालं. मोतीबिंदूच्या शिबिरात नाव घातलेल्यांनी निराश होऊ नये.

एक अडचण मात्र ध्यानात घ्यावी. तो सिनेमा कॅनडातल्या अल्बर्टात चित्रित झाला. तिथे उन्हाळ्यात सूर्य तिरका घसरत जातो आणि संध्याकाळ रेंगाळते. राहुरी आहे साडेएकोणीस अंशांच्या आसपास. आपल्याकडे सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो आणि पाठोपाठ अंधार. म्हणजे आपल्याला मॅलिकपेक्षा वेळ कमी. त्यात उसाच्या कडेला या वेळी कॅमेरा लावून एक डोळा मिटून बसू नये. बिबट्याही हीच वेळ निवडतो, आणि फ्रेम कुठे संपते याची त्याला कल्पना नसते.

आता दुपार. तालुक्यातली बहुतेक दृश्यकला लग्नात निर्माण होते आणि लग्न लागतं बारा वाजून पस्तीस मिनिटांनी, तेही मे महिन्यात. मेच्या मध्यावर राहुरीत सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली पायाशीच जिरते. असा उजेड वरून पडला की डोळ्यांच्या खोबण्या काळ्या होतात, नाकाखाली मिशीसारखी सावली येते, नवरीलाही. टोपी आणि फेटा पांढरेफटक, त्याखालचा चेहरा काळाठिक्कर. चेहरा दिसेल इतका उजेड आत घेतला की टोपी जळते, टोपी सांभाळली की मामा ओळखू येत नाहीत. कॅमेऱ्याला दोन्ही एकदम पेलत नाही. आपल्या डोळ्याला पेलतं, म्हणून आपल्याला वाटतं कॅमेरा खराब आहे.

यावर उपाय 1956 सालीच निघाला आहे. सत्यजित रायांच्या 'अपराजितो'साठी बनारसच्या घराचं अंगण स्टुडिओत उभारलं होतं. सुब्रत मित्रांनी वर पांढरं कापड ताणलं आणि दिवे त्याच्यावर मारले. उजेड कापडावरून परतून खाली आला तो मऊ, सगळीकडून आल्यासारखा, खऱ्या अंगणात आभाळातून उतरतो तसा. आपल्याकडे ही सोय एकराएकरावर उभी आहे. ढोबळी मिरचीच्या शेडनेटमध्ये नवरानवरी उभे केले तर मित्रांच्या प्रकाशयोजनेच्या बरंच जवळ जाता येतं. मात्र जाळी पांढरी घ्यावी. हिरव्या जाळीत सगळं वऱ्हाड आजारी दिसतं.

रात्रीचं हवामान म्हणजे लाइट गेल्यावरचं. स्टॅन्ले कुब्रिकनं 'बॅरी लिंडन' (1975) मधल्या काही दृश्यांना नुसत्या मेणबत्त्या लावल्या. जॉन अल्कॉट यांनी ती दृश्यं झाइस कंपनीच्या ज्या भिंगांतून घेतली, ती मुळात अमेरिकेच्या अंतराळ संस्थेसाठी बनलेली होती. इतकं उघडं भिंग म्हणजे तीक्ष्ण दिसणारी पट्टी अगदी अरुंद, नट जरा पुढे झुकला की धूसर. म्हणून त्या सिनेमात मंडळी पुतळ्यासारखी बसतात आणि समीक्षक त्याला अठराव्या शतकाचा शिष्टाचार म्हणतात. आपल्याकडे मेणबत्तीची वेळ रोज येते, चंद्रावर नेण्याचं भिंग तेवढं कमी पडतं.

उजेडाचा झोत हवा असेल तर पत्र्याला भोक असलेली पिठाची गिरणी शोधावी. स्वच्छ हवेत झोत दिसत नाही, त्याला अडवायला धूळ लागते. 'कागज के फूल' (1959) मधल्या एका गाण्यासाठी व्ही. के. मूर्तींनी बाहेरचं ऊन मोठ्या आरशांवरून फिरवून अंधाऱ्या स्टुडिओत आणलं आणि त्या तिरक्या झोतात गुरुदत्त आणि वहिदा रहमान यांना उभं केलं. त्या गाण्यात दोघं जवळजवळ काहीच करत नाहीत. सगळं काम उजेड करतो.

बियाणं

भारतीय सिनेमाचं बियाणं अक्षरशः वाटाण्याचं आहे. दादासाहेब फाळक्यांनी 1912 साली कुंडीत वाटाणा लावला आणि त्याची वाढ एकेक चित्र घेत टिपली. पडद्यावर रोप भराभर उगवलं, भांडवलदाराला विश्वास वाटला आणि पैसे उभे राहिले. मग 1913 साली 'राजा हरिश्चंद्र'. त्यांनी आधी पीक दाखवलं, मग कर्ज घेतलं. आपल्या सोसायटीत आधी कर्ज, मग पीक, मग दोन्ही गेल्याचा पंचनामा.

विद्यापीठाच्या हद्दीत राहून वाटाणा न टिपणं हे शोभत नाही. मोबाइल एका जागी घट्ट बांधावा, रोज ठरल्या वेळी एक फोटो घ्यावा. पहिला धडा इथेच मिळतो : रोप तेच असतं, उजेड रोज वेगळा असतो, आणि तुमचा चित्रपट लुकलुकतो.

वाण

परदेशी वाणांत पहिली शिफारस आंद्रेई तार्कोव्हस्कीच्या 'मिरर'ची (1975). गोष्ट समजण्याची हमी नाही. पण या माणसानं सिनेमासाठी शेत केलं. लहानपणी घरासमोर पांढऱ्या फुलांचा कुट्टू डोलताना त्यानं पाहिला होता. चित्रीकरणाला तिथे गेला तर बरीच वर्षं कुणी तो पेरलेला नव्हता. सामूहिक शेतीवाले म्हणाले, इथे येत नाही. त्यानं शेत भाड्यानं घेतलं, कुट्टू पेरला, आणि तो फुलला. मग शूटिंग केलं. आपल्या तालुक्यात कुणी 'सीनसाठी मळा पाहिजे' असं म्हणत आलं तर लोक हसतील, पण खंड किती देणार हे विचारूनच हसतील.

गावरान वाणांत मात्र सावध राहावं, कारण इथेच नवशिक्या फसतो. त्याला वाटतं सुंदर म्हणजे हिरवं, ओलं, धुकट. चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट'मध्ये (2014) मृणाल देसाईंचा कॅमेरा बहुतेक वेळा हलतच नाही. न्यायालयाचं दालन रुंद फ्रेममध्ये समोर, पंखे, फायली, पेंगणारी माणसं. आपल्या नजरेनं हवं ते निवडायचं. नवशिक्या दहाव्या मिनिटाला विचारतो, "कॅमेरामन जेवायला गेला का?"

आणि 'फँड्री' (2013). नागराज मंजुळे यांचं सिनेमाचं शिक्षण आपल्या नगरच्या कॉलेजातलं. कॅमेरा विक्रम अमलाडींचा. यात धबधबा नाही, घाट नाही. बोडका माळ, काटेरी झुडपं, उकिरडा आणि डुकरामागे धावणारं एक कुटुंब. धावता धावता शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं आणि सगळे जागच्या जागी ताठ उभे राहतात, डुक्कर सोडून. पुढे तेच डुक्कर बांबूला बांधून खांद्यावर नेलं जातं, मागे शाळेची भिंत, भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाई. कॅमेरा काही सांगत नाही, बाजूला उभा राहून जाऊ देतो. माझ्या मते मराठी सिनेमातली ही सगळ्यात सुंदर फ्रेम आहे, आणि ज्याला ती पाहून मोबाइलवर वॉलपेपर लावावासा वाटतो त्यानं ही पुस्तिका पुन्हा पहिल्यापासून वाचावी. हा उजेड, हा माळ, ही भिंत आपण शाळेला जाताना रोज पाहिली आहे. तिच्यासमोर कॅमेरा कुठे ठेवायचा, हे मंजुळे आणि अमलाडींना ठाऊक होतं. सौंदर्य त्या जागा निवडण्यात आहे.

पाणी

अविनाश अरुणचा 'किल्ला' (2014) पावसाचा सिनेमा आहे. दिग्दर्शक आणि कॅमेरामन एकच, त्यामुळे भांडणं घरातल्या घरात. कोकणातला पाऊस, समुद्र, ओलं शेवाळ आणि वडील गेल्यावर नव्या गावात आलेला मुलगा. बर्लिनच्या मुलांच्या परीक्षक मंडळानं त्याला स्फटिक अस्वल दिलं. 'तुंबाड'वाल्यांनी (2018) तर खऱ्या पावसाच्या उजेडासाठी अनेक पावसाळे थांबून चित्रीकरण केलं. पंकज कुमारच्या कॅमेऱ्यात आभाळ एकदाही फाकत नाही.

राहुरी पर्जन्यछायेत आहे, याची नोंद घ्यावी. सिनेमात पाऊस आणायचा तर टँकर बोलवावा लागेल आणि टँकर आला की गाव हंडे घेऊन फ्रेममध्ये येईल. तोच खरा शॉट आहे, पण सहसा कट केला जातो.

मुळा धरणावर, म्हणजे बारागाव नांदूरच्या बाजूला, 26 टीएमसीच्या पाण्याकाठी लग्नाआधीची शूटिंग चालते. पाण्यात उजेड परावर्तित होतो, चेहरे उजळतात, ही गोष्ट शास्त्रशुद्ध आहे. मात्र जायकवाडीला पाणी सोडण्याच्या बातम्या आधी वाचाव्यात. गेल्या महिन्यात जिथे लाटा होत्या तिथे नवरानवरी चिखलात सापडतात.

तण

मोबाइलमधले फिल्टर हे हरळीसारखं तण आहे, एकदा शिरलं की निघत नाही. त्यातलं निळसर सावली नि नारिंगी चेहरा करणारं सर्वांत चिवट. हे रंग हॉलिवूडवाले वापरतात ते विचार करून, चेहरा मागच्या गर्दीतून सुटा व्हावा म्हणून. आपल्याकडे ते बैलपोळ्याच्या फोटोवर टाकतात आणि बैल नारिंगी होतो.

कीड

ड्रोन. लग्नसराईत प्रादुर्भाव वाढतो. आवाजावरून ओळखता येते. नुकसान असं की वरून पाहिलेलं कुठलंही गाव सारखंच सुंदर दिसतं, आणि वरून पाहिल्यावर कुणाच्या घराच्या भिंती पडक्या आहेत ते कळत नाही. पूर्ण नायनाट करू नये. शंभर शॉटमागे एक ठेवावा.

दुसरी कीड स्लो मोशन. 'सैराट'मध्ये (2016) सुधाकर रेड्डी यक्कंटींनी आर्ची-परशाच्या सुखाच्या भागात ती वापरली, गाणी, झाडं, विहिरी, सगळं तरंगतं. मग सिनेमा हैदराबादच्या झोपडपट्टीत उतरतो, तरंगणं संपतं आणि शेवट तर निःशब्द. म्हणजे स्लो मोशन पुढच्या मारासाठी राखून ठेवलेलं होतं. त्यानंतर तालुक्यात वाढदिवसाचा केक कापतानाही ते सुरू झालं आणि मार मात्र कुठे आला नाही.

आंतरमशागत

पाहिलेल्या सिनेमातलं एखादं दृश्य आवाज बंद करून पुन्हा लावावं. खिडकी कुठे आहे ते शोधावं. उजेड तिथूनच येतोय का? की खिडकी डावीकडे आणि चेहरा उजवीकडून उजळलेला? कॅमेरा माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर आहे, खाली आहे, की वर? आणि मधेच आई "लाइट कशाला बंद केलीस" म्हणून ट्यूब लावते, त्या क्षणी खोलीतला उजेड कसा सपाट झाला तेही पाहावं. हा व्यायाम फुकट आहे. एवढं केलं तरी टपरीवर 'खतरनाक' म्हणण्याच्या जागी "त्या सीनमध्ये उजेड फक्त दारातून येत होता बघ" असं वाक्य तोंडून जाईल. मित्र कमी होतील.

'डेज ऑफ हेवन'मध्ये टोळधाड येते. आकाश भरून टोळ उठताना दिसतात ती खरं तर शेंगांची फोलपटं आहेत, हेलिकॉप्टरमधून खाली टाकलेली. नटांना उलटं चालायला लावलं आणि फिल्म उलटी फिरवली. फोलपटं वर गेली, माणसं सरळ चालली. हे कळल्यावर दृश्य कमी सुंदर वाटलं तर मशागत अजून बाकी आहे असं समजावं.

विक्री व उत्पन्न

इथे दोन प्रकारचे शेतकरी आढळतात.

क्रिस्टोफर नोलननं 'इंटरस्टेलर' (2014) साठी त्याच अल्बर्टात सुमारे 500 एकर मका पेरला. धुळीच्या वादळात तो उद्ध्वस्त व्हायचा, गाडी त्यातून घुसवायची. शूटिंग झालं, उरलेला मका विकला आणि त्यात नफा झाला. अंतराळात जाण्याचा सिनेमा करता करता शेती फायद्यात आली, असं जगात एकट्याचंच ऐकिवात आहे. त्याला हमीभावाची चौकशी करावी लागली नाही.

दुसरे भाऊराव कऱ्हाडे, गव्हाणेवाडी, तालुका श्रीगोंदा. मेंढपाळांच्या भटकंतीवरचा 'ख्वाडा' करायचा म्हणून त्यांनी स्वतःची शेतजमीन विकली. सिनेमाला 62व्या राष्ट्रीय पुरस्कारांत परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला, जागेवरच्या ध्वनिमुद्रणाचाही मिळाला, आणि 2015 साली तो चित्रपटगृहात आला. त्यातला माळ आपल्याच जिल्ह्याच्या जातकुळीचा आहे, आणि मेंढरांच्या पायांनी उठलेली धूळ उन्हात कशी दिसते ते पाहायला अल्बर्टाला जावं लागत नाही.

तेव्हा नवशिक्या बंधूंना शिफारस एकच. कॅमेऱ्याच्या दुकानात जाण्यापूर्वी सातबारा कपाटात ठेवून किल्ली घरच्यांकडे द्यावी, आणि 'ख्वाडा' तिकीट काढून किंवा रीतसर पैसे भरून पाहावा. फुकटात डाउनलोड करू नये, माणसानं त्यात जमीन घातली आहे.